रिकाम्या पेटीचा फोटो

४ मार्च
नवं गाव, नवी नोकरी आणि सकाळचं ऊन थेट ओट्यावर येणारं घर. आणखी काय हवं? बबडीची शाळा आमच्या प्रयोगशाळेच्या समोरच आहे, सुटली की ती माझ्याकडेच येते. हे पुढच्या महिन्यात बदली घेऊन येतील, तोवर आम्ही दोघी मायलेकीच. काम झकास आहे. शिशाच्या भिंतींची, कपाटाएवढी एक पेटी. तिच्यात वस्तू ठेवायची, दार लावायचं आणि क्ष-किरणांनी तिच्या पोटातलं बघायचं. काही फोडायचं नाही, कापायचं नाही. आज हेल्मेटं, कुकरची झाकणं आणि एक शिडी तपासली. शिडी नापास. मी मुळातच संशयी. हे म्हणतात, बरं झालं, आता त्याचाच पगार मिळेल.

७ मार्च
इथल्या जुन्या तंत्रज्ञांना सगळे काका म्हणतात. ते प्रत्येक वस्तू आधी बोटाने वाजवतात आणि कान लावून ऐकतात. सलग वस्तू खणखणीत बोलते, आत पोकळी असली तर आवाज बद्द येतो. बबडीने ही विद्या लगेच उचलली. घरी टेबल, दार, माझं डोकं, सगळं वाजवून झालं. डोकं पोकळ निघालं म्हणे.
काकांनी ताकीद मात्र एकच दिली, की घरची वस्तू पेटीत ठेवायची नाही. कारण विचारलं तर ऐकलंच नाही असं दाखवलं.

११ मार्च
रोज सकाळी रिकाम्या पेटीचा एक फोटो काढतात. त्यात यंत्राचे स्वतःचे डाग उमटतात आणि संगणक ते दिवसभराच्या सगळ्या फोटोंमधून वजा करतो. रीत योग्यच आहे, जुन्या नोकरीतही हेच करायचे मी. पण तो रिकामा फोटो कोणी उघडून बघत नाही. मी आज बघितला. कोपऱ्यात कोणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसावं, तसा डाग आहे. काकांना दाखवला, तर त्यांनी हात पुढे करून पडदाच बंद केला. जुना डाग आहे, वजा होतो ना, मग झालं, म्हणाले. माझ्या मनात पाल चुकचुकली.

१४ मार्च
डाग असेल तर तो जागचा हलायला नको. या डागाने मान वळवली आहे. पेटी उघडून कोपऱ्यात हात फिरवला, काही नव्हतं. काका आज माझ्याशी बोलायचं टाळत होते. त्यांना काहीतरी ठाऊक आहे.

१८ मार्च
बबडीच्या लाकडी हत्तीत काहीतरी खुळखुळतं. ते बघायचं म्हणून पोरगी किती दिवस मागे लागली होती. काका रजेवर होते, म्हटलं चला, कोणाचं काय जातंय. हत्तीच्या पोटात एक मणी निघाला. बबडी खूश.

१९ मार्च
आजचा रिकामा फोटो स्वच्छ आहे. कोपऱ्यात कोणी नाही.
काका पडद्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, “काल इथून घरी काय नेलंस?”
बबडीचा हत्ती, मी म्हटलं.

२० मार्च
हत्ती परत पेटीत ठेवला. मणी आहे. बाकी काही नाही. काका हळूच म्हणाले, मग त्यातून उतरलंय ते. कुठे, हे न विचारताच मी बबडीला आणायला शाळेकडे निघाले.

२२ मार्च
बबडी मांडीवर बसली आणि माझे पाय दबले. एवढी जड कधी—
शाळेतून आल्यापासून कोपऱ्यात बसून आहे. गुडघे पोटाशी. हत्तीकडे बघतही नाही.
तिला पेटीत— नाही. जिवंत लेकरू आहे, ते किरण तिला— नाही. काय सुचतंय मला हे? माझी बबडी आहे ती. पण मला कळायला हवं.

२३ मार्च, दुपार
ती झोपली आहे. तिच्या पाठीवर बोटाने हलकेच वाजवलं. कान लावला.
आतून कोणीतरी परत वाजवलं.

यांना फोन केला. निघालेत. ते येईपर्यंत लिहीत बसते, हात थांबला की—
पलंग वाजला. उठली.
माझ्या मागे उभी आहे. वळवत नाही मला. पाठीवर तिचं बोट. टक. टक. आता कान लावलाय. गार आहे तिचा कान— म्हणते, “आई, तुझ्यात किती जागा