गुडघ्याची पुडी

नाशिक
३ नोव्हेंबर २०२५

चि. वेदिका हिस शेखरमामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पुण्याच्या त्या होस्टेलातून हाताने पत्र लिहिणारी तू एकटीच असशील. काय करणार, तुझा मामा फोनवर ठार बहिरा. जन्मभर टपालखात्यात लोकांची पत्रं निवडली, आता आपल्या नावाचं एखादं आलं की बरं वाटतं. मामीने आणलेलं कानातलं यंत्र अजून डबीतच आहे. ते घातलं की भांडी डोक्यात वाजतात आणि माणसाचं बोलणं होतं तिथंच राहतं. नको वाटतं.

सायकलला पॉवर मीटर घेऊ का विचारतेस. अगं, पाय किती जोर लावतायत हे पायांना कळत नाही का? आमच्या रविवारच्या टोळीतला कारभारी बघ. हँडलवर एक घड्याळ, छातीला पट्टा, आणि मागून ट्रक आला की सांगणारा रडारचा दिवा. परवा घाटाच्या पायथ्याशी त्याचे गिअर बंद पडले. का, तर चार्जिंग संपलं. सायकलीचं चार्जिंग संपायचे दिवस आले, आता बोलण्यासारखं काही उरलं नाही.

आणि त्या उत्तेजकांबद्दल वाचून वाचून तर मी थकलो. परदेशातल्या शर्यतीत कोणी पकडला जातो, रडतो, माफी मागतो, दोन वर्षांनी पुन्हा येतो. मोठ्यांचं सोड, आता साठीची माणसंही एका प्लास्टिकच्या ट्रॉफीसाठी सुया टोचून घेतात म्हणे. तू एक लक्षात ठेव. घाट सगळ्यांना सारखाच दुखला पाहिजे, तरच ती शर्यत. नाहीतर ते दुसऱ्याच्या ताटातलं ओढून खाणं झालं.

तर बातमी अशी की सावळघाटाच्या शर्यतीत साठीवरच्या गटात तुझा मामा पहिला आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कारभारीला मागे टाकलं, त्याच्या दिव्यासकट. श्रेय त्या पुडीचं, भाऊबीजेला तुला आणि तुझ्या आईला दिली ती. पेठ रस्त्यावर गाडी उभी करून एक फिरता माणूस विकत होता. त्याचा भोंगा एवढा मोठा की मलासुद्धा ऐकू आला. नुसता झाडपाला आहे, कोमट पाण्यातून चिमूटभर. घेतेस ना? निवड चाचणी तोंडावर आली, गुडघा सांभाळ.

मामीचे आशीर्वाद यातच समज. सवड काढून चार ओळी टाकत जा.

तुझा,
शेखरमामा


पुणे
१० नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप शेखरमामा यांस वेदिकाचा शि. सा. न. वि. वि.

ट्रॉफीबद्दल अभिनंदन. मामी म्हणे ती रोज पुसते आणि तुम्ही रोज जरा पुढे सरकवता, म्हणजे आल्यागेल्याला दारातूनच दिसावी.

पॉवर मीटरचं म्हणाल तर पायांना कळतं हे खरं, पण निवड करणाऱ्यांना माझे पाय कुठे दिसतात? त्यांना आकडे लागतात. तेवीस वर्षांखालच्या गटातलं माझं हे शेवटचं वर्ष. संघात आले तर रेल्वेत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येईल. नाही आले तर जानेवारीत दिंडोरीला घरी, आणि आत्या स्थळं घेऊन बसलेलीच आहे. १४ डिसेंबरला काय ते ठरेल.

उत्तेजकांची कुजबुज इथेही असते. एक मुलगी सुट्टीहून आली आणि चढावर आमच्या पुढून अशी निघून गेली की आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. कदाचित बिचारीने घरी मेहनतच केली असेल. पण आता कोणी जोरात गेलं की आधी संशयच येतो. त्याने फार थकायला होतं मामा.

पुडी गेल्या आठवड्यापासून चालू केली. भाऊबीजेला तुम्हाला विचारून घेतलंच होतं, त्यामुळे निर्धास्त आहे. गुडघा खरंच हलका झालाय.

मामींना नमस्कार. असाच जीव लावत राहा.

आपली भाची,
वेदिका


मु. पो. ता. दिंडोरी
१ डिसेंबर २०२५

रा. रा. शेखरराव यांस नवनाथचा रामराम.

मी काय पत्र लिहिणारा माणूस नाय. पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाय आणि ही गोष्ट व्हॉट्सॲपवर टाकायची नाय, म्हणून बसलो.

तुमची बहीण मालन गेली चार वर्षं खाली मांडी घालू शकत नव्हती. तुमची पुडी घेतली आणि पंधरा दिवसांत कात्री घेऊन बागेत बायांच्या पुढं पळायला लागली. सगळे खूश. मला काय ते पटंना. आम्ही द्राक्षाचे घड औषधाच्या पाण्यात बुडवून काढतो, मग मणी फुगतो. जो मणी आठ दिवसांत फुगला त्याला डोस दिलेला असतो, हे मला कोणी शिकवायला नको. मग मालनचं तोंडही सुजल्यासारखं दिसायला लागलं.

तुम्हाला ठाऊक हाय, एका साली फवारणीचा अंश निघाला म्हणून आपला कंटेनर परदेशातून माघारी आला. तवापासून नमुना तपासल्याशिवाय मी काय घराबाहेर जाऊ देत नाय. घरात मात्र येऊ दिलं, ही माझी चूक. पिंपळगावला आमचे नमुने घेणाऱ्या पोराला पुडी दिली, त्यानं औषधं तपासणाऱ्या लॅबला पाठवली. काल रिपोर्ट आला. झाडपाल्यात स्टिरॉइड मिसळलंय.

मालनला लगेच डॉक्टरकडं नेलं. ते म्हणाले, इतके दिवस घेतलं तर एकदम बंद करायचं नाय, आमच्या देखरेखीखाली कमी करायचं. तुम्ही तर लय आधीपासून घेताय. पत्र मिळाल्याबरोबर डॉक्टर गाठा. वेदिकाला फोन केला होता. ती रडली नाय. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मालन तुमच्यावर रागावलेली नाय. मी थोडा हाय. तब्येतीचं कळवा.

नवनाथ


नाशिक
४ डिसेंबर २०२५

चि. वेदिका हिस अ. उ. आ.

तुझ्या पप्पांचं पत्र मिळालं. डॉक्टरांकडे जाऊन आलो. साखर वाढली आहे, रक्तदाबही. ते असू दे.

पोरी, माझं ऐक. कोणाला काही सांगू नकोस आणि चाचणी दे. तिथे प्रत्येकीची तपासणी थोडीच होते? चार-दोन जणींची होत असेल. आणि तू जाणूनबुजून घेतलेलं नाहीस. हे सगळे नियम मोठ्या चोरांसाठी असतात, मामाने दिलेली पुडी खाणाऱ्या पोरीसाठी नाहीत. तुला शाळेपासून सायकलवर मी घातलं. पहाटे गंगापूर धरणाच्या रस्त्याने तुझ्या मागे मी आलो. आणि तुझ्या शेवटच्या वर्षावर मीच पाणी ओतलं, हे घेऊन मला जगवणार नाही.

घाटाबिटाचं जे मी लिहिलं होतं ते विसर. लिहायला काय जातं. तू सायकल चालव.

उत्तराची वाट बघतो आहे. मामावर माया असेल तर एवढं कर.

शेखरमामा


पुणे
९ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप शेखरमामा यांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येण्याआधीच मी नाव मागे घेतलं होतं. कोच सरांना सगळं सांगितलं, रिपोर्ट दाखवला. तेही तुमच्यासारखंच म्हणाले, गप्प बस आणि पळव. पण चिमटीत किती गेलं आणि अंगात किती उरलं हे इथले डॉक्टरही सांगू शकले नाहीत. कदाचित तोवर काहीच उरलं नसतं. पण महिनाभर मी चढावर जी जोरात जात होते, ती मी होते की पुडी, हे मलाच ठाऊक नाही. तो महिना चाचणीतून कसा वजा करू? मी त्या मुलीकडे बघितलं तसं कोणीतरी माझ्याकडे बघेल, आणि या वेळी ते खरं असेल.

घाट सगळ्यांना सारखाच दुखला पाहिजे, हे तुम्ही मला पहिल्यांदा मी सहावीत असताना सांगितलं होतं, आताच्या पत्रात नव्हे. ते विसर म्हणालात याचं मला जास्त वाईट वाटलं.

पुडीचा राग नाही. राग एकाच गोष्टीचा आहे. भाऊबीजेला आईने ओवाळल्यावर अंगणात मी तुम्हाला विचारलं होतं, मामा, हे डॉक्टरांना दाखवलंय का. तुम्ही हसून हो म्हणून मान हलवलीत. पप्पांचा फोन आला त्या रात्री मला उमगलं, तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं. तुम्ही सगळ्यांनाच अशी मान हलवता. बाकीच्यांना हलवा. मला एकदा ‘काय म्हणालीस’ विचारायचं होतंत.

होस्टेल महिनाअखेर सोडते. औषध वेळेवर घ्या. मामींना नमस्कार.

वेदिका


नाशिक
२२ डिसेंबर २०२५

चि. वेदिका हिस मामाचे आशीर्वाद, ते घ्यावेसे वाटत असतील तर.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. मामी तीनदा काहीतरी बोलली आणि मी तीनदा मान हलवली, मग माझं मलाच कळलं मी काय करतोय ते.

रविवारी टोळीपुढे सगळं सांगितलं. ट्रॉफी कारभारीकडे नेली. तो घेईना, मी ओट्यावर ठेवून आलो. त्याला राग आला असणार असं धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी तो घरी आला आणि न विचारता तो मागचा दिवा माझ्या सायकलला बसवून गेला. ‘तुला ट्रक ऐकू येत नाही हे मला दहा वर्षं माहीत आहे,’ असं त्याने पाटीवर लिहावं तसं माझ्या तोंडासमोर मोठ्याने सांगितलं. गुडघा पहिल्यासारखा दुखतो. धरणापर्यंत जाऊन परत येतो, तेवढ्यातच जीव दमतो.

यंत्र डबीतून काढलं. आठ दिवस झाले, कानात आहे. भांडी अजून डोक्यात वाजतात. पहिल्यांदा सायकलवर बसलो तर माझीच चेन कुरकुरत होती. किती महिने कुरकुरत असेल आणि मी लोकांच्या चार्जिंगला हसत होतो.

आता पत्र लिहू नकोस. रविवारी फोन कर. तुला जे बोलायचं असेल ते बोल, कितीही वाईट असलं तरी. मी मान हलवणार नाही. काय म्हणालीस, काय म्हणालीस, असं दहादा विचारीन. कंटाळू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
शेखरमामा