मागांच्या खडखडाटातलं बोलणं

आप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते, आता पीएच.डी. करते आहे. हुकूमशाहीत लोक कसे वागतात आणि तिथून लोकशाहीकडे कसे परततात, हा विषय. आधी संख्याशास्त्र शिकले, त्यामुळे प्रबंधात कोष्टकं बरीच आहेत. एक आपल्या सोलापूरच्या गिरणी कामगारांचं आहे. आणीबाणीत तुम्ही एकमेकांशी राजकारण बोलत होता का, या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांनी 'नाही' म्हटलं आहे.

ते खरं नाही हे मला तुमच्यामुळे कळतं. गिरणीच्या मागखात्यातल्या आवाजानं तुमचे कान गेले होते. आई चुलीपुढे पाठमोरी बोलायला लागली की तुम्ही ताटावरून म्हणायचा, "तोंड इकडं कर की, दिसंना काय म्हणतीस." त्या खडखडाटात तुम्ही सगळे ओठांवरूनच बोलायचात. मी डबा घेऊन यायचे, आणि दारातूनच मला दिसायचं की कोणी तरी जॉबरची, म्हणजे खात्यातल्या मुकादमाची, चेष्टा करतोय. एकदा मी ती हसत मोठ्याने म्हणून दाखवली. तुम्ही तिथेच माझं तोंड दाबून धरलंत आणि घरी आल्यावरही माझ्याशी बोलला नाहीत.

आणीबाणीत कोणाला पकडलं याची खबर अशीच एका मागावरून दुसऱ्या मागावर जायची. ऑफिसातून पाठवलेला खबऱ्या मधे उभा असायचा. त्याला ही बोली येत नव्हती. तुमच्या शेजारच्या मागावरच्या काकांनी हे मला यंदा सांगितलं, तेही आवाज न काढता. मी नुसता अंदाज म्हणून सांगितलं, तर माझे मार्गदर्शक म्हणतात, हे प्रकरण लिही, नाहीतर तुझ्या प्रबंधात नवं काय आहे? लिहू का, असं मी काकांना विचारायला गेले. आधी ते हसले, बापावर गेलीयास म्हणाले. मग मात्र मोठ्याने बोलले, "लिवू नगंस, पोरी. ते परत येतील की. आल्यावर पयलं तुजंच पुस्तक वाचतील."

मी लिहिलं नाही. कोष्टक तसंच ठेवलं, खाली 'कामगार गप्प राहिले' असा निष्कर्ष. मार्गदर्शकांना सांगितलं, पुरावा मिळाला नाही. ते नाराज आहेत, पदवी अडेलही.

हे पत्र फाडून टाकणार आहे, म्हणून एवढं सांगते. शेवटच्या प्रकरणात मी लिहिलं आहे की निवडणूक झाली, सत्ता गेली, लोकशाही परतली. काकांसमोर बसले होते तेव्हा 'आता ते परत येणार नाहीत' एवढं मला म्हणता आलं नाही.