झालं म्हटल्यावर

१२ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं ‘बरं आहे’ म्हणते, म्हणून खरं काय ते पत्रातच लिहायचं, अशी तुमची ताकीद होती. तर खरं लिहिते. फारसं बरं नाही.

दिवसभर मी त्या मोठ्या स्टुडिओत सहायक असते. म्हणजे पडद्यांना इस्त्री करायची, बाटल्यांवरचे बोटांचे ठसे पुसायचे आणि लाइटचे स्टँड इकडून तिकडे न्यायचे. कॅमेऱ्याला हात लागतो तो पिशवीत भरून ठेवताना. सुटीच्या दिवशी मात्र मी खोलीतलं टेबल खिडकीपाशी ओढते, मागे पांढरा कागद लावते आणि माझे स्वतःचे फोटो काढते. किटली, बूट, साबण, अत्तराची बाटली, जे मिळेल ते. जाहिरातीचं काम मिळवायचं तर हातात चांगला पोर्टफोलिओ हवा, असं इथे जो तो सांगतो.

गेल्या आठवड्यात तो पोर्टफोलिओ घेऊन मी एका जाहिरात कंपनीत गेले. तिथल्या आर्ट डायरेक्टर बाई पानं उलटता उलटता किटलीशी थांबल्या आणि ही किटली परदेशी जाणार आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मी बावळटासारखं ‘नाही’ म्हटलं. मग त्या म्हणाल्या की तुझी प्रत्येक वस्तू पासपोर्टचा फोटो काढायला आल्यासारखी दिसते. मधोमध उभी, नजर समोर, दोन्ही गालांवर सारखा उजेड. बूटसुद्धा श्वास रोखून बसलेत म्हणाल्या.

मामा, हे सगळं तुमच्यामुळे! लहानपणापासून तुमच्या स्टुडिओत ‘मान सरळ, दोन्ही कान दिसू देत’ एवढंच ऐकलं. आता कपाचा कान नीट दिसतोय हे बघितल्याशिवाय माझं बोट बटणावर जातच नाही.

बाईंनी अगदीच वाटेला लावलं नाही. त्यांच्याकडे खुर्च्या बनवणारी एक कंपनी आली आहे, तिच्या कॅटलॉगला फोटोग्राफर हवा आहे. एक खुर्ची माझ्या हवाली केली आणि सांगितलं की फोटो बघून बसावंसं वाटलं पाहिजे, तसं जमलं तर ये. हे जमलं तर माझं स्वतःचं काम सुरू होईल. नाही जमलं तर तुम्ही दिलेलं एक वर्ष मार्चमध्ये संपतं, ठरल्याप्रमाणे मी परत येऊन तुमच्या स्टुडिओत बसायचं.

मामीला नमस्कार. रागावलात तर खुशाल रागवा, पण माया पातळ करू नका.

तुमची,
लुडबुड

२० जानेवारी

चि. लुडबुड हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामीला वाचून दाखवलं. किटलीपाशी ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मी हसलो नाही. माझ्या हातचा एकही फोटो आजवर कुठल्या कचेरीने परत पाठवलेला नाही. त्या बाईंवर पासपोर्ट काढायची वेळ आली की त्याही मान सरळच ठेवतील, हे त्यांना माझ्यातर्फे कळव. नको, कळवू नकोस. काम मिळू दे आधी.

आणि माझ्यावर खापर फोडतेस, पण तू माझं ऐकत होतीस कधी? मी फोटो काढून ‘झालं!’ म्हटलं की गिऱ्हाईक हुश्श करायचं, मान टाकायचं, आणि नेमक्या त्याच वेळी तू पडद्याआडून जुन्या कॅमेऱ्याचं बटण दाबायचीस. कुणाचं तोंड उघडं, कुणाचा हात डोक्यात. फिल्म काय झाडाला लागते का म्हणून मी किती ओरडायचो! तसले फोटो कोण घेणार होतं? सगळे टाकूनच द्यावे लागायचे. लुडबुड हे नाव उगाच नाही पडलं.

इकडे सगळं उत्तम. गिऱ्हाईक कमी झालं असं लोक म्हणतात, पण तसं काही नाही. परवाच एक जण आला होता. सुटे पैसे मागायला आला होता, पण आला होता. स्टूल वरखाली करताना गुडघा जरा कुरकुरतो, बाकी मी ठणठणीत. शेजारचा टेलर हल्ली उगाच येऊन आमच्या भिंतीला टेप लावून बघतो. लावेना का.

तुझी जागा तुझ्यासाठी राखून आहे. खुर्चीचं काम मन लावून कर. वेळेवर जेव. मामीचे आशीर्वाद.

तुझा,
मामा

१६ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

खुर्ची काही केल्या दाद देत नाही. समोरून काढली, बाजूने काढली, जमिनीवर आडवं पडून काढली. दर वेळी ती चौकशीला बोलावल्यासारखी बसलेली दिसते. मग स्टुडिओत येणाऱ्या एका मॉडेल मुलीला विनवण्या करून बसवलं. तर ती अशी बसली की तिथे दोन चौकशा चालू आहेत असं वाटावं.

खोली एवढीशी, त्यात खुर्ची मधोमध, म्हणून मी भिंतीला टेकून जेवते. आमच्या खोलीमालकीणबाई इस्पितळात नर्स आहेत. त्यांनी काल विचारलं की तू त्या खुर्चीला घाबरतेस का. मी हसण्यावारी नेलं. पण घाबरतेच.

मामा, मी विचार करतेय की मार्चची वाट तरी कशाला बघायची. इथे इस्त्री करून करून कोण फोटोग्राफर होतो? तुमचा गुडघा दुखतो, स्टूल वरखाली करायला कुणी हवं. मी आले तर तुम्हाला मदत होईल. हरले असं म्हणायला जड जातं, म्हणून मी मदतीचं निमित्त काढतेय, हेही तुम्हाला कळेलच. पण मदत खरीच होईल. काय करू ते कळवा.

मामीला नमस्कार. मी कशीही परतले तरी तुमच्या मायेत तूट येऊ देऊ नका.

तुमची,
लुडबुड

२३ फेब्रुवारी

चि. लुडबुड हिस,
अनेक आशीर्वाद.

ये. केव्हाही ये. स्टूल पुसून ठेवलं आहे. स्टुडिओला तुझी गरज आहेच. यापुढे काय लिहावं सुचत नाही, म्हणून थांबतो. पाकीट डकवायला मामीकडे देतो.

तुझा,
मामा

लाडके,

खाली एवढा मोकळा कागद टाकून हे बाहेर गेलेत, म्हणून त्यावर लिहिते. यांना सांगू नकोस.

स्टुडिओला कुणाचीही गरज नाही. लोक आपापल्या फोनवर फोटो काढतात. हे सकाळी कुलूप उघडतात, लाइट पुसतात, पेपर वाचतात आणि कुलूप लावून येतात. टेलरला दुकान वाढवायचं आहे, तो जागा घ्यायला कधीचा तयार आहे. यांनाही मनातून सुटका हवी आहे. सकाळी फिरायला जावं, दुपारी ताणून द्यावी, एवढीच यांची हौस. पण म्हणतात, पोरीचं बस्तान बसेपर्यंत नाही. ती हात हलवत परत आली तर तिला दार उघडं मिळालं पाहिजे.

म्हणजे तू यांच्यासाठी परत यायचंस आणि यांनी तुझ्यासाठी दुकान चालवायचं. दोघं एकमेकांवर उपकार करत त्या रिकाम्या खोलीत बसा मग! तुला यायचं असेल तर घरी ये. घर कुठे पळून जात नाही. पण यांच्या गुडघ्यासाठी म्हणून येणार असशील तर येऊ नकोस. गुडघ्याला शेक द्यायला मी आहे.

तुझी,
मामी

१४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आधी बसून घ्या. कॅटलॉगचं काम मला मिळालं! सहायक म्हणून नव्हे, फोटोग्राफर म्हणून.

त्याचं असं झालं. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी खुर्ची परत करायला बांधून ठेवली. संध्याकाळी मालकीणबाई ड्यूटीवरून आल्या. म्हटलं, निदान एकदा त्यांना तरी बसवून बघू. खुर्ची सोडवली. बाईंनी केस सारखे केले, अगदी कडेवर टेकल्या आणि हनुवटी वर केली. म्हणजे पुन्हा तेच. मी बटण दाबलं आणि सवयीने तुमच्यासारखीच ओरडले, ‘झालं!’

त्याबरोबर बाईंनी मोठा श्वास सोडला. एक चप्पल पायातून निसटली, त्या मागे सरकल्या आणि हातावर मान टाकून डोळे मिटले. माझं बोट बटणावरच होतं. दाबलं. इतके दिवस मी त्या खुर्चीकडे बघत होते, पण ती कशासाठी असते ते मला तेव्हा दिसलं.

मग मी तोच सपाटा लावला. जो येईल त्याला बसवायचं, एक खोटा खोटा फोटो काढायचा, ‘झालं’ म्हणायचं आणि मग खरा काढायचा. पोर्टफोलिओही सगळा नव्याने केला. किटली आता चहा ओतून झाल्यावरची आहे, झाकण तिरकं. बूट दाराशी काढलेले, त्यातला एक कलंडलेला. तुम्ही ज्या फोटोंवरून ओरडायचात, तसलेच सगळे.

आर्ट डायरेक्टर बाईंनी सगळी पानं बघून पुन्हा पहिल्यापासून उलटायला घेतली. मग माझं लक्ष गेलं, बघता बघता त्यांनी टेबलाखाली सँडल काढून ठेवले होते. तेव्हाच मला कळलं. बाहेर येऊन मी जिन्यात बसले आणि इतक्या मोठ्याने हुश्श केलं की वरून कुणीतरी वाकून बघितलं. मामा, वर्षभर छातीवर काहीतरी होतं, ते गेलं.

म्हणून मी परत येत नाही. हे लिहायची फार भीती वाटत होती, तुम्हाला काय वाटेल म्हणून. आता वाटत नाही. टेलरला टेप घेऊन आत बोलवा. मामीने मला काही कळवलंय असं मात्र मुळीच समजू नका.

तिला नमस्कार. दोघांची माया आहे ती अशीच टिकू दे, वाढली तर तक्रार नाही.

तुमची,
लुडबुड

२ एप्रिल

चि. लुडबुड हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा टेलरला ऐकू जाईल असं. तू परत येत नाहीस हे वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. मामीसमोर थोडं तसं तोंडही केलं. पण खरं सांगतो, इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. दुपारी जो झोपलो तो दिवेलागणीलाच उठलो.

मामीने काही कळवलं नाही म्हणतेस. अगं, पाकीट डकवायला तिच्याकडे मीच दिलं होतं आणि खाली अर्धा कागद मोकळा मीच सोडला होता. माझ्याच्याने ते लिहवेना. तिला लिहिता येतं, मग लिहू दे म्हटलं.

गेल्या आठवड्यात जागा रिकामी केली. पडदा काढला, लाइट बांधले. शेवटी उरलं स्टूल. मामी म्हणाली, आयुष्यभर सगळ्या गावाला बसवलंत, आता तुम्ही बसा. बसलो. मान सरळ, दोन्ही कान दिसतील असा. तिने जुना कॅमेरा डोळ्याला लावला आणि ती माझ्यापेक्षाही मोठ्याने ओरडली, ‘झालं!’ मला वाटलं, झालं.

तो फोटो सोबत पाठवतो आहे. चष्मा नाकावर घसरलाय, मान एका बाजूला, एक कान गायब, तोंड उघडं. बहुधा हसतोय. कुठल्याही कचेरीत चालणार नाही. टाकून द्यायला घेतला होता, पण टाकवेना. तुझ्या पोर्टफोलिओत मागच्या पानावर जागा असली तर लावून टाक.

गुडघा बरा आहे. वेळेवर जेव. पत्र लिहायचं सोडू नकोस, आता वाचायला वेळच वेळ आहे.

तुझा,
मोकळा झालेला मामा