लावून आणलेलं घड्याळ

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या धाकट्या भावाची उपाशीपोटीची साखर एकशे आठ आली. जन्मभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढलंस, आता भावाचा रिपोर्ट वाचून गार हो. तपासणीआधी चार दिवस गोडाला शिवलो नाही, रोज चाललो. डॉक्टरांनी एचबीए१सी नावाची आणखी एक तपासणी लिहून दिली होती, ती चिठ्ठी खिशातच आहे. पास झालेल्यानं पुन्हा परीक्षेला का बसावं?

धंदा बरा. फक्त हल्ली घड्याळांचे स्क्रू फार बारीक करतात, आणि टेबलावरचा दिवाही मंद झालाय. तुझं घड्याळ दुरुस्त करून पाठवलंय.

लोभ आहेच, रागावलीस तरी कमी करू नकोस.

तुझा,
घड्याळजी

११ मार्च

चि. घड्याळजी यास,
अ. उ. आशीर्वाद.

गार वगैरे काही झाले नाही. घरून घड्याळ बरोबर लावून आणणाऱ्या गिऱ्हाइकांना तू हसायचास ना? म्हणायचास, काटे दाखवू नका, महिनाभरात किती मागे पडतं ते सांगा. तुझे चार दिवस म्हणजे तेच लावून आणलेलं घड्याळ. एचबीए१सी असल्या सोंगांना भुलत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून ती तीन महिन्यांची सरासरी सांगते. त्यात शेजारची बेकरीही येते. तुझी बायको सगळं सांगते मला.

आणि स्क्रू होते तेवढेच आहेत. माझ्या घड्याळाचा एक स्क्रू गायब, दुसरा तिरका, झाकणभर ओरखडे. इथल्या कारागिराकडून नीट करून घेतलं. हे कुणी केलं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, कुणी शिकाऊ असेल. घरी येऊन रडले. साखर डोळ्यांचा पडदा खराब करते आणि दुखत काहीच नाही. आधी डोळे दाखव, मग मला रिपोर्ट दाखव.

तुझ्यावरचा लोभ सुटत नाही, म्हणून एवढं बोलले.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शिकाऊ हा शब्द फार लागला. दुसऱ्याच दिवशी तपासायला गेलो, ते तुला खोटं पाडायला. एचबीए१सी नऊ पूर्णांक सहा आली. डॉक्टर म्हणाले, सातच्या आत हवी. डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पाझरताहेत, त्याला रेटिनोपथी म्हणतात. लेझर केलंय. त्यानं गेलेली नजर परत येईलच असं नाही, पण उरलेली राखता येईल. मी घाबरलोय, ताई.

बेकरीच्या वाटेवर बायकोचा पहारा आहे. मनगटी घड्याळं बंद केली, आता फक्त भिंतीवरची घेतो. पण गिऱ्हाइकांची सात घड्याळं टेबलावर उघडी पडली आहेत. तुझ्या त्या कारागिराचा पत्ता पाठव, त्याच्याकडे धाडतो.

कुणी पाठवली म्हणून त्यानं विचारलं, तर या वेळी शिकाऊ म्हणू नकोस, भाऊ म्हण.

लोभाला किल्ली देणं तुझ्याकडेच.

तुझा,
भाऊ