हिलालची घागर

३ एप्रिल, शुक्रवार

लिहायचं टाळत टाळत शेवटी आज बसलो. वही पाचोऱ्याला घेतली होती. तिच्या पहिल्या पानावर बैलाचं चित्र काढलं, दुसऱ्यावर एका चहावाल्याच्या पाटीचा नमुना, आणि रोजनिशी राहूनच गेली. मी असाच. माझं बूड एका जागी टेकत नाही, वहीतसुद्धा.

मी भूपेंद्र. गाव नरडाणा, शाळा दहावीपर्यंत, तीही रुसत-फुगत. पाट्या रंगवतो. फ्लेक्स आल्यापासून धंदा बसला, पण माझं अक्षर वळणदार, त्यावर कुठे ना कुठे जेवण सुटतं. पाचोऱ्यात एका खतांच्या दुकानाचं शटर रंगवत होतो, तर मागे एक म्हातारा उभा राहून बघत होता. पांढरीशुभ्र टोपी, कानात केस. म्हणाला, अक्षर तं मोत्यासारखं आहे बापा, चल माझ्या घरी. निघालो. मला कुणी चल म्हटलं की मी विचारत नाही कुठे.

तर हे सुपडूआबांचं घर. यावलच्या पुढे, सातपुडा दिसतो इतक्या जवळ, चारी बाजूंनी केळी. आबांच्या आजोबांनी वॅगनी भरभरून केळी पाठवली आणि त्या पैशात बागेच्या मधोमध हे घर बांधलं. नुकताच रंग दिलाय, ओट्यावर कॅमेरा आहे, घरात फ्रिज दोन. बाहेर ऊन भाजतंय आणि बागेत शिरलं की हिरवा अंधार, माठात उतरल्यासारखा गारवा. मला फार आवडलं.

काम असं: पुढच्या खोलीच्या भिंतीवर कुळाची वंशावळ रंगवायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळी भाऊबंदकी जमते, पितरांच्या घागरी भरतात, त्याआधी भिंत तयार पाहिजे.

६ एप्रिल, सोमवार

मी वडाचं झाड काढायला घेतलं तर आबा हसले. म्हणाले, आपण काय वड विकतो का? केळ काढ. मधे आईकेळ, तिच्या बुडातून पिलं, पिलांना पिलं. आईला घड आला की ती कापायची, पील वर येतं, तेच कूळ. हे मला एकदम पटलं. पानं काढताना मजा येते, फाटकी काढली तरी चालतात.

आबा नावं सांगतात, मी रंगवतो. गेलेल्या प्रत्येकाच्या नावाखाली दोन सालं, जन्माचं आणि मृत्यूचं. आबांची सून पुष्पाबाई चहा आणते आणि टोमणा मारून जाते. आज म्हणाली, बसता का पळता ते एकदा ठरवा भाऊ, म्हणजे तेवढ्या भाकरी टाकते. मी म्हटलं, आखाजीपर्यंत बसतो. तर आबा लगेच म्हणाले, मग पितर म्हणूनच बस. मेलेल्या माणसाच्या नावाने कोणीतरी पाटावर बसून जेवायचं असतं, आमच्याकडेही बसवतात. पुरणपोळी, आमरस, नवा टॉवेल. मी हो म्हटलं. त्यांनी देवघरातून कुंकू आणून मला टिळा लावला. म्हणाले, आता दुसऱ्या घरचं आमंत्रण घ्यायचं नाही, आणि जायचंही नाही.

कुणाच्या नावाने बसायचं, हे विचारायचं राहिलं. मधेच एक सरडा दिसला, त्याच्या मागे गेलो.

९ एप्रिल, गुरुवार

एका नावाखाली आबांनी एकच साल सांगितलं. हिलाल. त्यांचा थोरला भाऊ. मी म्हटलं, दुसरं? तर म्हणाले, दुसरं नाही. मग पानपुड्यातल्या सुपाऱ्या चाळत सांगायला लागले.

हिलाल माझ्यासारखाच. पायाला भिंगरी. विशीत रेल्वेत बसून गेला तो गेला. ना पत्र, ना निरोप. तीन आखाज्या वाट पाहून आईने त्याला मेलेला धरलं आणि त्याच्या नावाने घागर भरली. आबा तेव्हा लहान, आईच्या मांडीला मांडी लावून बसले होते. निखाऱ्यावर घास टाकून आगारी दिली, धूर झाला, आणि भर दुपारी दारावर थाप पडली. पानी दे वं माय.

हिलाल आला होता. जिवंत, उन्हातून चालत.

पण घागर भरून झाली होती. जमलेले म्हणाले, हा तो नाही, पितराला पाणी दिलं आणि आता तो आवाज घेऊन आला, उघडशील तर घर जाईल. आईने कडी काढली नाही. तो बराच वेळ पाणी मागत होता. संध्याकाळी दार उघडलं तर दारावर केळीच्या चिकाचे हात उमटलेले, माणूस नाही. बागेत शोधलं नाही. शोधलं असतं तर तो जिवंत होता असं झालं असतं.

आता दर आखाजीला तो येतो. कधी आईच्या आवाजात, कधी नातवाच्या. कुणी उघडत नाही. त्याच्या नावाने कोणी पाटावर जेवलं की जातो. दरवर्षी कुणीतरी बसतं, यंदा मी. मी विचारलं, मागच्या वर्षी कोण बसलं होतं? आबा म्हणाले, होता एक, असाच फिरता. पुढे त्याचं काय झालं ते माहीत नाही.

मला हसू आलं. पण मग मनात आलं की माझ्या घरालाही माझा पत्ता नाही. मोबाइल भुसावळच्या फलाटावर गेला तेव्हापासून. उद्या फोन करू, उद्या करू. ही तिसरी आखाजी येतेय.

११ एप्रिल, शनिवार

तहान फार लागते. माठ संपवला तरी जीभ टाळूला चिकटलेलीच. पुष्पाबाई म्हणाली, ऊन लागलं असेल, कांदा ठेवा खिशात. ठेवला.

दुपारी बागेत गेलो होतो. वारा नव्हता, तरी एका ओळीतली पानं हलत गेली, माझ्या बाजूला. कुणीतरी पाठीवर हात ठेवला. ओला. वळलो तर फक्त खोडं. केळीचा चीक लागला असेल म्हणालो. चीक ताजा असतो तेव्हा दिसत नाही, वाळला की तपकिरी होतो, मग जन्मात निघत नाही.

१२ एप्रिल, रविवार

शर्टावर डाग वर आला. पाच बोटं.

पुष्पाबाईला दाखवलं. तिने शर्टाकडे पाहिलं नाही, कपाळाकडे पाहिलं. अंघोळ करून करूनही टिळा गेला नाही हे मला तेव्हा कळलं.

१३ एप्रिल, सोमवार

पुष्पाबाईचा मोबाइल मागून घेतला. बहिणीचा, ऋतिकाचा, नंबर पाठ आहे. मी म्हटलं, भूप्या बोलतोय. ती म्हणाली, आवाज तर हुबेहूब काढलास मेल्या, आता पैसे माग. हल्ली मोबाइलवर कुणाचाही आवाज काढून फसवतात, तिच्या मैत्रिणीला असंच फसवलं होतं. मी शपथा घातल्या. ती रडायला लागली. म्हणाली, आईने यंदा कुंभाराकडून दोन घागरी आणल्यात. एक बाबांची. दुसरी कुणाची ते तुला माहीत असेल, तू आमचा असशील तर.

मी ओरडून सांगितलं, यावलजवळ सुपडूआबांची बाग, घागर भरू नका. तिने फोन ठेवला. नंतर लागलाच नाही.

आखाजीच्या आत नरडाण्याला पोचलं पाहिजे. आईने घागर भरली की मी संपलो. मग दारात उभा राहिलो तरी—

१५ एप्रिल, बुधवार

निघालो होतो. सकाळीच, पिशवी घेऊन. बागेतून सरळ वाट आहे रस्त्यापर्यंत, एसटीचा हॉर्न ऐकू येतो. चाललो, चाललो, केळी, केळी, आणि घराचं मागचं दार आलं. परत निघालो. परत मागचं दार. जन्मभर मला कुठून निघताना कधी अडचण आली नाही.

आबा ओट्यावर बसून होते. म्हणाले, आमंत्रण घेतलेला जात नसतो बापा. आवाजात दया होती. तीच जास्त लागली.

१७ एप्रिल

भिंतीवरची सगळी नावं वाळली. हिलालचं हाताला लागतं. पुसून पुन्हा रंगवलं. पुन्हा ओलं.

आबांनी हिलाल म्हणून हाक मारली. मी ओ दिली. दिल्यावर लक्षात आलं.

१८ एप्रिल

ऋतिकाचा चेहरा आठवतो. आईचा आठवायला वेळ लागला. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, मी लाल दोऱ्याने शिवून दिला होता. तो दोरा आठवतो. तेवढं धरून ठेवतो—

पाणी. घशाखाली जातं आणि कुठे जातं कोण जाणे—

१९ एप्रिल, आखाजी

पाटावर बसलो आहे. वही मांडीवर, टॉवेलाखाली. दाराला आतून कडी. समोर हिलालची घागर, वर खरबूज. आगारीचा धूर. माणसं भिंतीला टेकून. मला घास घ्यायचाय, हात ताटाकडे जात नाही—

थाप.

पाणी मागतंय. बाईचा आवाज. आबा डोळ्यांनी सांगतात, बस. कुणाचाही आवाज काढतो तो—

नाही. हे यावलचं बोलणं नाही. भूप्या, मी तुनी माय शे, पानी दे भो, घसा सुकी गया. हे आमचं बोलणं. नरडाण्याचं. हिलाल हे कुठून शिकेल—

दाराखाली फट आहे. चप्पल दिसतेय. लाल दोरा—

आई आली. घागर न भरता आली. ऋतिकाने सांगितलं असणार. उन्हातून आली—

ओरडलो. तोंडातून निघालं, पानी दे वं माय—

मी असं बोलत नाही. मी असं कधीच बोललो नाही—

बाहेरून ती विचारतेय, मझार कोन शे? आत कोण आहे विचारतेय, माझी आई. चप्पल एक पाऊल मागे सरली—

तोंडाने नको. लिहून फटीतून सरकवतो. माझं अक्षर ती ओळखेल, अक्षर तरी माझंच आहे—

आई, जाऊ नको. मी आहे. मी हि—