बाहेरच्या अंगानं

जालना,
१७ नोव्हेंबर १९९९

सौ. सगुणावहिनींना शिवकन्येचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. आष्टीला तुम्ही सगळे बरे असाल, दादाचा खोकला गेला असेल, असं धरून चालते. दिवाळीचा डबा पोचला. चकल्या पुरवून पुरवून खाऊन राह्यले. दिवसभर एसटीडी बूथवर लोकांना फोन लावून देणारी बाई स्वतः मात्र पत्र लिहिते, याचं तुम्हाला हसू येत असेल. पण आष्टीतला फोन किराणा दुकानात. तुम्ही 'हॅलो' म्हणायच्या आधीच तिथं अर्धं गाव कान देऊन उभं.

बातमी अशी, की माझ्या खोलीपासून बूथपर्यंतचा मोठा रस्ता रुंद झाला. त्याच्या कडेनं फक्त सायकलींसाठी वेगळी वाट केली आहे. लाल रंग, दगडाची उंच कड, वर सायकलच्या चित्राची पाटी. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पोलिओनं पाय नेला तरी माझीही सायकलच ना. हातानं फिरवायची आहे आणि चाकं तीन आहेत, एवढाच फरक. पहिल्या दिवशी चांगली साडी नेसून निघाले.

तर तोंडाशीच लोखंडी खांब. मोटारसायकली घुसू नयेत म्हणून रोवलेले. दोनचाकी सायकल मधून सुळकन जाते, माझी तीनचाकी अडते. परत रस्त्यावर आले तर ट्राफिकच्या हवालदारानं शिट्टी मारली. "बाई, तुमच्यासारख्यांसाठीच केलाय की हा ट्रॅक! रस्त्यात काहून येता?" मंग पुढं एके ठिकाणी कड फुटलेली दिसली, तिथून कशीबशी आत घातली. जरा गेले न गेले तोच वाटेच्या मधोमध विजेची डीपी. बाकीचे सायकलवाले उतरून, सायकल उचलून पलीकडे जातात. मी कशी उचलणार? आणि तेवढ्या रुंदीत तीनचाकी वळतही न्हाई. बूथ उघडायची वेळ टळून गेली आणि मी आपली डीपीवरची कवटी बघत बसलेली.

शेवटी मागून एक सायकलवाले आले. आपली सायकल भिंतीला टेकवून म्हणाले, "बाई, ब्रेक सोडा," आणि माझी गाडी उलटी ओढत त्या फुटक्या कडेपर्यंत आणून दिली.

उतरताना डाव्या मनगटाला जरासं खरचटलं. बाकी काही न्हाई. दादाच्या कानावर घालू नका, उगाच जीव टांगणीला लावून घेईल.

तुमची,
शिवकन्या


जालना,
९ जानेवारी २०००

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. संक्रांत झाली की दादा येणार, बूथ दुसऱ्याला चालवायला देणार आणि मला आष्टीला घेऊन जाणार. तुम्ही हे एका ओळीत लिहिलंत. त्या ओळीखाली बरीच जागा कोरी सोडलीत, तीही मी वाचली.

आष्टीहून बाजाराला आलेल्या अप्पारावांनी माझा प्लॅस्टरमधला हात पाहिला, तेव्हाच मी समजले होते की हे घरी पोचणार. तर आता खरं सांगते. खरचटलं नव्हतं. कडेवरून उतरताना गाडी कलंडली, मी रस्त्यावर पडले आणि मागून ट्रक येत होता. ते सायकलवाले दोन्ही हात वर करून ट्रकसमोर उभे राह्यले. ट्रक थांबला. त्यांनी मला उचलून कडेला बसवलं, गाडी सरळ केली आणि तसंच दवाखान्यात नेलं.

त्यांचं नाव भिवा. बियाण्याच्या कंपनीत कामाला आहेत. घरी फक्त आई, केशरबाई. प्लॅस्टर होतं तोवर भिवा रोज सकाळी माझी गाडी ढकलत बूथवर आणायचे आणि तिथून पायी कामाला जायचे. मी म्हणायचे, कशाला त्रास घेता? ते म्हणायचे, "रस्त्यातच तर हाय." रस्त्यात न्हाई वहिनी. कंपनी पार दुसऱ्या टोकाला आहे. मला ते नंतर कळलं.

आता हात मोकळा झाला. मी माझी गाडी चालवते, ते शेजारून सायकल चालवतात. त्या लाल वाटेवर आता भाजीचे गाडे लागतात, काचा पडलेल्या असतात, म्हणून दोनचाकीवालेही मोठ्या रस्त्यानंच जातात. एकदा हवालदारानं भिवांच्या दोन्ही चाकांची हवा सोडली. ट्रॅक असताना रस्त्यावर का, म्हणून. ते बसकी सायकल हातात धरून माझ्या बरोबरीनं चालत राह्यले. मला त्या दिवशी रडू आलं. हवालदारामुळं न्हाई.

आम्ही रस्त्याच्या हापिसात जाऊन आलो. साहेब म्हणाले, "खांब काढले तर मोटारसायकली घुसतील. वाट सायकलच्या मापानं केलीय." मी म्हणाले, "साहेब, माझी बी सायकलच हाय." तेव्हा ते बघतो म्हणाले. बघतो म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊकच आहे. तरी बोलून आले, याचं बरं वाटलं.

वहिनी, मला आष्टी नको असं न्हाई. पण तिथं मला दारात बसवून सगळे माझं करतील. इथं सकाळी शटर उघडायच्या आधीच कुणीतरी हातात नंबराची चिठ्ठी घेऊन माझी वाट बघत असतं.

अजून एक लिहायचं होतं. राहू द्या.

शिवकन्या


जालना,
२३ जानेवारी २०००

वहिनी,

दादा पोचला असेल. एकटाच का परत आला, हे त्यानं सांगितलं का? त्याच्याच्यानं झालं नसेल तर मी सांगते.

आल्या आल्या त्यानं माझे कपडे पिशवीत भरले. मंग म्हणाला, "आजच्या दिवस तुझ्यासंगं चालत येतो. बघू दे कसला रस्ता हाय." कोपऱ्यावर भिवा उभे होते. त्यांनी दादाला नमस्कार केला आणि नेहमीसारखे माझ्या उजव्या बाजूनं निघाले. दादा मागून चालला होता. ट्रक, टेम्पो, एसटी, सगळं त्यांच्या कोपराजवळून जात होतं.

बूथवर चहा मागवला. दादानं त्यांना विचारलं, "तुम्ही बाहेरच्या अंगानं काहून चालवता?"

"ट्रक त्याच अंगानं येतात ना," ते म्हणाले.

"पावसाळ्यात बी येसाल?"

"येईन."

मंग दादानं आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं. ते बौद्ध आहेत वहिनी. हे मी तुम्हाला इतके दिवस लिहिलं न्हाई. लेखणी तिथं आली की अडायची.

दादानं अर्धा कप तसाच खाली ठेवला. ते कामाला निघून गेले. माझ्याकडं गिऱ्हाईक येत राह्यलं, मी नंबर लावत राह्यले, आणि दादा बाकड्यावर बसून बघत होता. गर्दी सरल्यावर म्हणाला, "त्यानं विचारलं का तुला?"

"न्हाई. मी विचारलं त्यांना."

दादा रस्त्याकडं बघत म्हणाला, "गावात मला ऐकून घ्यावं लागंल, शिवकन्या."

"ठाऊक हाय, दादा."

"मला येळ लागंल."

त्यानं खोलीवर जाऊन पिशवीतले कपडे पुन्हा दोरीवर टाकले आणि दुपारच्या गाडीनं निघाला. जाताना म्हणाला, "हाताला तेल लावत जा." हो म्हणाला न्हाई. न्हाई म्हणाला असंही मला वाटत न्हाई.

परवा रस्त्याच्या हापिसातले दोघं आले आणि मधला खांब कापून गेले. आता माझी गाडी आत जाते. डीपी तशीच आहे, त्यामुळं तिथून पुढं रस्त्यावर उतरावंच लागतं. केशरबाई मला बघायला आल्या होत्या. जात, पाय, काहीच विचारलं न्हाई. म्हणाल्या, "भाकर ज्वारीची आवडती का बाजरीची?" मी ज्वारीची म्हणाले, तर म्हणाल्या, "मंग जमलं."

मार्चमध्ये हापिसात सह्या करून लग्न करायचं ठरवलंय. साक्षीला माणसं लागतात. त्यांच्याकडची ठरली. माझ्याकडून तुम्ही व्हाल का? नवी नवरी होऊन आलात तेव्हा मला कडेवर घेऊन शाळेत सोडायच्या, त्यामुळं दुसरं कुणाचं नाव डोळ्यांसमोर येत न्हाई. घरात तुम्हाला किती सोसावं लागेल, ते मला कळतं. दादाला सोडून येऊ नका. त्याला विचारून या. न्हाई जमलं तर मी राग धरणार न्हाई, एवढं मनात पक्कं ठेवा. पण तुमची सही होईस्तोवर ती जागा मी दुसऱ्या कुणाला देणार न्हाई.

कुठंही राह्यले तरी तुमच्याच घरची लेक,
शिवकन्या