फुलाखालची खळ

तीर्थरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे अर्धाच घातला आहे, उरलेला मनातल्या मनात समजून घ्यावा.) तुमच्या डाव्या कानाचं यंत्र आता नीट बसलं का? की अजून शिट्टीच वाजते? मामींचा खोकला कसा आहे? आम्ही सगळे इथे मजेत आहोत. माझी साखर ताब्यात आहे, आणि यांची जीभ नाही. हे पत्र मात्र तुम्ही एकट्यानेच वाचा. मामींना मोठ्याने वाचून दाखवू नका, कारण त्यांच्याबद्दलच आहे.

तुम्ही निवृत्त झाल्यापासून आपल्या वाळक्या रोपांच्या खोलीत फारसं काही बदललेलं नाही. कपाटं तीच, डांबराच्या गोळ्यांचा वास तोच, आणि तुमच्या टेबलाचा चौथा पाय अजून त्याच जाड पुस्तकावर उभा आहे. नवीन काय ते एवढंच, की दर मंगळवारी दुपारी चार वाजता मी पडद्यावर सात देशांच्या माणसांसमोर बसते. जगातल्या सगळ्या वनस्पतींची मिळून एकच यादी करायची असं ठरलंय ना, त्याचं हे काम. आपल्या घरात कसं, एकाच माणसाला कोणी बंडू म्हणतं, कोणी दादा, कोणी भाऊजी, आणि त्याची बायको नुसतं ‘अहो’. झाडांचंही तसंच झालंय. एका देशाने एक नाव ठेवलं, शेजारच्याने त्याच झाडाला दुसरं, आणि समुद्रापलीकडच्याने या दोघांना न विचारता तिसरं. आता सगळ्यांनी आपापले वाळवलेले नमुने पडद्यावर धरायचे, ताडून बघायचे, सगळ्यांत जुनं नाव ठेवायचं आणि बाकीची बारीक अक्षरात त्याच्याखाली टाकायची. काम फार छान आहे हो मामा. मीटिंगची भाषा आम्हां सगळ्यांनाच सारखीच अर्धवट येते, त्यामुळे भांडणंसुद्धा होत नाहीत.

माणसंही भली आहेत. एक जांभईवाले आहेत, त्यांच्याकडे तेव्हा पहाट असते. ते झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून बसतात (आणि एकदा पाणी आणायला उठले तेव्हा कोट कुठपर्यंत आहे ते सात देशांना कळलं). एक स्वेटरवाल्या बाई आहेत, त्यांच्या खिडकीबाहेर बारा महिने बर्फ. बोलतात हळू, पण नजर अशी, की तांदळातला खडा शिजल्यावरही ओळखतील. आणि एक चिटणीस आहेत, ते ऐकलेलं सगळं लिहून टाकतात. सगळं म्हणजे अगदी सगळं. ते पुढे येईलच.

तर गेल्या मंगळवारी तुमच्या झाडाची पाळी आली. तेच ते, ओढ्याकाठचं, ज्याला तुम्ही मामींचं नाव दिलंत. (लग्नाचा पहिला वाढदिवस तुम्ही डोंगरात शेवाळं खरवडत घालवला होतात, त्याची ही भरपाई, असं मामी अजून सांगतात. पण सांगताना चेहरा बघावा त्यांचा!) मी कागद मोठ्या ऐटीत कॅमेऱ्याखाली ठेवला. स्वेटरवाल्या बाईंनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि मग ते फूल परातीएवढं होऊन माझ्यासमोर आलं. देठ खोडाला टेकलेलाच नव्हता! मधे केसाएवढी फट, आणि फटीत चक्क चिकटवायची खळ.

माझ्या तोंडून निघून गेलं, “झालं कल्याण!”

नेमके त्याच क्षणी चिटणीस विचारत होते की या वनस्पतीचं स्थानिक नाव काय. त्यांनी लिहून घेतलं. वर त्याचा अर्थ विचारला. मी घाबरून शब्दशः सांगितला, की सगळ्यांचं भलं झालं. झालं! जांभईवाले एकदम जागे झाले आणि हिचा औषधी उपयोग कोणता म्हणून विचारू लागले. मी म्हटलं, अजून तरी कोणाला गुण आलेला नाही. त्यांनी तेही टिपून घेतलं. आता जगाच्या यादीत मामींच्या नावासमोर स्थानिक नावाच्या रकान्यात ‘झालंकल्याण’ असं एकशब्दी छापलं जाणार आहे, आणि तो रकाना एकदा भरला की उघडत नाही म्हणे.

पण ते राहू द्या. स्वेटरवाल्या बाईंचं म्हणणं असं, की पानं एका झाडाची आहेत आणि फूल भलत्याच, बहुधा भिंतीच्या कडेला कुठेही उगवणाऱ्या एका तणाचं. पानांवरून नाव टिकू शकेल, पण त्या झाडाचं खरं फूल दाखवावं लागेल. पुढच्या मंगळवारपर्यंत काही दाखवता आलं नाही, तर नाव खोडायचं. मामींचं नाव! मला तर रात्रीचं जेवण गेलं नाही. मामींनी ते नाव अख्ख्या गल्लीला सांगितलंय, दूधवाल्यालासुद्धा.

काळजी करू नका, काहीतरी मार्ग निघेल. मामींना गरम पाणी द्या, यंत्र कानातून काढून ठेवू नका आणि लोभ आहे तो वाढता असू द्या.

तुमची,
कपाटवाली भाची

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. तुम्ही चिठ्ठीवर नुसतं ‘ओढ्याजवळ’ लिहिलंय. मामा, ओढे काय कमी आहेत? कुठला ते आठवून लगेच फोन करा. मी स्वतः जाऊन फूल शोधते.

ता. क. २. आता लपवण्यात अर्थ नाही. ते फूल मी चिकटवलं. नोकरीचा सहावा दिवस होता. तुम्ही चहाला गेला होतात, मी पंखा लावला, आणि तीन कागदांवरचं सगळं उडालं. खाली एक फूल सापडलं. एक कागद फारच भुंडा दिसत होता, दिलं त्यावर लावून. (गळालेला भाग कागदाच्या कोपऱ्यातल्या पुडीत ठेवायचा, हे तुम्ही मला दुसऱ्या आठवड्यात शिकवलंत.) महिन्याभराने तुम्ही भिंग घेऊन ओरडलात, “अशी पानं आणि असं फूल! हे नवीन आहे!” सगळ्या ऑफिसला चहा पाजलात. तेव्हा कुठल्या तोंडाने बोलणार होते मी? एकतीस वर्षं झाली. मला माफ करा.

ता. क. ३. पाकीट बंद करणार, तेवढ्यात चिटणिसांचा निरोप आला, की त्या कागदावरच्या पुडीत काय आहे त्याचाही फोटो पाठवा. पुडी चारी बाजूंनी खळ लावून बंद केली होती. (इतकी वाईट खळ फक्त तुम्हीच लावता.) आत एक वाळलेलं फूल निघालं. भिंगाखाली धरलं, तर यादीतल्या कशाशीच जुळेना. सोबत तुमच्या अक्षरात चिठ्ठी: ‘पुन्हा ओढ्यावर जाऊन आलो. खरं फूल हे. कागदावरचं चुकून लागलं आहे. पोरीची पहिली नोकरी. कोणी विचारलं तरच दाखवावं.’

एकतीस वर्षांत कोणी विचारलंच नाही! आणि तुम्ही चुकीचं वर्णन छापून खुशाल पेन्शन खात बसलात. मामा, मी कपाटाआड जाऊन रडले हो.

मग डोळे पुसायला चिठ्ठी खाली ठेवली, ती उलटी पडली. मागे मामींचं अक्षर: ‘माझं नाव चार दिवस भलत्या फुलाला राहिलं तर मी काही झिजत नाही. पोरीला बोलायचं नाही.’

मामींना पत्र द्या. मंगळवारी मी ते फूल सगळ्यांना दाखवणार आहे, आणि कागदावरचं कोणी चिकटवलं असं विचारलं, तर हात वर करणार आहे.